पावणेतीन तासांवरची लेक

फोनवर दोन विमानतळांची नावं टाकली की खाली लगेच उत्तर येतं. हैदराबाद ते गुवाहाटी, सोळाशे-सतराशे किलोमीटर, पावणेतीन तास. दोन ठिपके आणि मधे एक वाकलेली रेघ. ती रेघ बघितली की मला अजून राग येतो. आकडा खोटा आहे असं मी म्हणत नाही. विमानात बसून मी घड्याळ बघितलंय, आकडा बराबर आहे. पण त्या रेघेच्या या टोकाला कुणी राहत नाही आणि त्या टोकालाही कुणी राहत नाही. विमानतळ म्हणजे शहराबाहेरचं माळरान, काचा लावलेलं. माझी याडी राहते ते ठिकाण त्या रेघेपासून कितीतरी बाजूला आहे, आणि मी जिथं भाड्यानं राहते ती खोलीपण.

याडी म्हणजे आई. आमच्या घरात गोरमाटी, म्हणजे बंजाऱ्यांची बोली, बोलतात. मराठी मी शाळेत शिकले, हिंदी हिंगोलीच्या बाजारात आणि इंग्रजी कॉलेजात, मार खाल्ल्यासारखी. मी सेनगाव तालुक्यातल्या एका तांड्यावरची. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली, आणि तांड्यावरच्या पोरींमधेही पहिली. हे मी मान खाली घालून सांगत नाही. कॉलेजला असताना रोज फाट्यापर्यंत चालत जायचे, तिथून काळीपिवळी जीप, आणि जीप भरेपर्यंत फाट्यावरच्या लिंबाखाली बसून रसायनशास्त्राचं पुस्तक वाचायचे. जीपवाला ओरडायचा, "ए पुस्तक, चल, भरली गाडी!" माझं नावच पुस्तक पडलं होतं.

आमच्याकडं जीप भरल्याशिवाय हलत नाही. पुढं ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंनी माणसं, मधे माणसं, मागं माणसं, आणि एक जागा जरी रिकामी असली तरी ड्रायव्हर खाली उतरून बिडी ओढत उभा राहणार. कुणाचा पेपर असो, कुणाची कचेरीतली तारीख असो, गाडी भरणं महत्त्वाचं. लहानपणापासून आमचं गणित तेच. किती लांब आहे हे कुणी विचारत नाही. गाडी भरली का, हे विचारतात.

नोकरीचं पत्र आलं तेव्हा नेमणूक गुवाहाटीची होती. केंद्र सरकारच्या एका प्रयोगशाळेत, चहाच्या नमुन्यांची तपासणी करायची. याडीला मी सांगितलं, तर ती म्हणाली, "चहा तपासायला बी. एस्सी. लागती? मी पिऊन सांगते की."

बा हसला नाही. बा म्हणजे माझा बाप. त्यानं एकच विचारलं, "हे गाव कुठं हाय?"

मी फोन काढला. हैदराबाद टाकलं, गुवाहाटी टाकलं. उत्तर आलं. मी वाचून दाखवलं, "विमानानं पावणेतीन तास."

याडीचा चेहरा फुलला. "इतकंच? नरसीला जत्रेला जायचं तर यापेक्षा जास्त टाईम लागतो. आन् विमान भरायला किती वेळ लागतो?"

"विमान भरायची वाट बघत नाहीत, याडी. टाईम झाला की निघतं."

"रिकामं?"

"रिकामं जरी असलं तरी."

हे तिला पटलं नाही. एवढं मोठं वाहन, आणि माणसं भरायच्या आधी निघतं, म्हणजे मालकाला अक्कल नाही, असं तिचं मत झालं. पण पावणेतीन तास हा आकडा तिनं पदराला गाठ मारून ठेवला. संध्याकाळपर्यंत तो तांडाभर फिरला. हापशावर, गोठ्यात, किराणा दुकानात, सगळीकडं एकच. "माझी लेक पावणेतीन तासांवर चालली."

पण आमच्यात पोरगी एकटी इतक्या लांब जाणार म्हणजे गोष्ट घरात मिटत नाही. नायकाच्या दारात बसावं लागतं. नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख. वयानं सत्तरीच्या पुढं, डोक्याला लाल फेटा, बोलणं हळू आणि टोचणारं. त्याच्या ओट्यावर म्हातारी माणसं बसली, खाली बा बसला, आणि मी बाच्या मागं उभी राहिले. मला कुणी बस म्हणलं नाही. मीपण बसले नाही.

नायक म्हणाला, "पोरगी शिकली, चांगलं झालं. हिंगोलीत नोकरी बघ म्हणावं. नांदेड बघ. ह्या गावाचं तर नाव बी तोंडात बसत न्हाई."

बा म्हणाला, "सरकारनं तिथं दिली, नायकबा."

"सरकार तिला आणायला जाणार हाय का? उद्या दुखलं-खुपलं, काही उलटं-सुलटं झालं, कोण जाईल?"

मी बोलले. बोलायचं नव्हतं, तरी बोलले. "आपले लोक बैलांवर मीठ लादून कुठं कुठं जायचे, तुमीच सांगता दर होळीला. तेव्हा कुणी लांब म्हणत न्हवतं. आता मला एकटीलाच लांब काहून?"

ओट्यावर एक-दोघं खोकले. नायकानं माझ्याकडं बघितलं. राग नव्हता, पण उत्तर तयार होतं. "जायचे. बराबर हाय. पण सगळा तांडा संग जायचा, लेकरंबाळं, कुत्री, कोंबड्या सगळं. एकटं कुणी जात न्हवतं. एक माणूस मागं राहिला तर मुक्काम उठत न्हवता. तू एकटी चालली."

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर आजही नाही. पण उत्तर नसलं म्हणून नोकरी सोडायची असं कुठं लिहिलंय?

शेवटी बाच उठला. माझा बा जास्त बोलणारा माणूस नाही. तो म्हणाला, "होळीला सगळा तांडा एका जागी असतो. ऊसतोडीवरली माणसं बी येतात. माझी लेक बी येईल. होळी पेटायच्या आधी ती इथं उभी असंल. नसली, तर मी सोता जाऊन तिला घेऊन येतो, आन् मग तुमी म्हणाल त्या घरी देतो. हा माझा शब्द."

नायक म्हणाला, "विचार करून बोल. शब्द देऊन राहिला."

याडी दारामागून म्हणाली, "पावणेतीन तास तर हाय!"

तर असं ते ठरलं. माझी नोकरी बाच्या शब्दाला बांधली गेली, आणि बाचा शब्द त्या पावणेतीन तासांना.

पहिल्यांदा गेले तेव्हा वाट कळली. तांड्यावरून फाटा, फाट्यावरून हिंगोली, हिंगोलीहून नांदेड, नांदेडहून रात्रीची गाडी, सकाळी हैदराबाद. नांदेडला विमानतळ आहे, पण तिथलं विमान कधी चालू असतं कधी बंद, आणि चालू असलं तरी आपल्या वेळेला नसतं. हैदराबादला उतरलं की शहर वेगळीकडं आणि विमानतळ वेगळीकडं. मधल्या बसमधे मी इतका वेळ बसले की मला वाटलं ही परत नांदेडला चालली काय. मग रांगा. मग पट्टा बांधा. मग ते पावणेतीन तास, ढगांवरून, थंडगार, कुणाशी बोलायचं नाही. मग गुवाहाटीलाही तेच, विमानतळ एकीकडं आणि गाव एकीकडं. खोलीवर पोचून मी याडीला फोन लावला तेव्हा घर सोडून दीड दिवस होऊन गेला होता.

याडीनं विचारलं, "पोचली? मला वाटलं तू काल दुपारीच पोचली. विमान भरत न्हवतं का?"

मी तिला सगळी वाट सांगितली. ती म्हणाली, "बरं. जेव आधी."

पण त्यानंतरही तांड्यावर ती लोकांना पावणेतीन तासच सांगत राहिली. वहिनी फोनवर हसायची. "याडीचं घड्याळ काही बदलत न्हाई, बाई."

गुवाहाटीत लोक विचारायचे, कुठली? मी म्हणायचे, महाराष्ट्र. ते म्हणायचे, ओ, मुंबई. मी म्हणायचे, नाही, हिंगोली. हिंगोली कुठं? नांदेडजवळ. नांदेड कुठं? मग कुणीतरी म्हणायचं, अच्छा, मुंबईपासून किती? काही दिवसांनी मी चिडून सांगायला लागले, मुंबई आमच्यापासून लांब आहे, आम्ही मुंबईपासून लांब नाही. पहिल्यांदा असं म्हणले तेव्हा समोरचा माणूस हसला. मी हसले नाही.

नोकरी मला आवडली. चहाच्या पुड्या यायच्या, त्यावर बागेचा शिक्का, आणि मी त्यातला ओलावा, राख, काय मिसळलंय ते तपासायचे. नमुना वाईट निघाला तर मी वाईट लिहायचे. एकदा एका मोठ्या बागेचा माणूस तक्रार घेऊन आला, की ही नवीन मुलगी कडक आहे. माझ्या मॅडमनी त्याला माझ्यासमोरच सांगितलं, नमुना चांगला पाठवा. त्या दिवशी मी खोलीवर जाऊन स्वतःसाठी भाकरी थापली. पीठ मी घरून नेलं होतं.

होळी जवळ आली. आता इथं एक गोष्ट सांगावी लागेल, नाहीतर पुढचं समजायचं नाही. गावात होळी पौर्णिमेच्या संध्याकाळी पेटते. आमच्या तांड्यावर ती त्या संध्याकाळी पेटत नाही. रात्रभर पोरं लेंगी, म्हणजे होळीची गाणी, गातात, डफ वाजवतात, आणि होळी पेटते दुसऱ्या दिवशी पहाटे, सूर्य वर यायच्या आत. मधोमध एरंडाची फांदी रोवलेली असते, भोवती लाकडं आणि गोवऱ्या. नायक हुकूम देतो, मग पेटवायची. सूर्य बघायच्या आधी. तसं झालं नाही तर वर्ष वाईट जातं म्हणतात.

म्हणजे माझ्या हातात एक रात्र जास्तीची होती. मी सगळं हिशोबात बसवलं. पौर्णिमेच्या सकाळचं विमान, दुपारी हैदराबाद, संध्याकाळची गाडी, रात्री नांदेड, आणि पहाटेच्या आत तांडा.

साहेबांकडं रजेचा अर्ज घेऊन गेले. मॅडम सुटीवर होत्या, त्यांच्या जागी दिल्लीहून आलेले एक साहेब बसत होते. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी अर्ज बघितला आणि म्हणाले, "चार दिन? होली की छुट्टी तो है ही. उस दिन सुबह निकल जाओ."

मी सांगितलं, आमची होळी त्या दिवशी पहाटेच असते.

त्यांनी फोन काढला. मला माहीत होतं ते काय करणार. दोन ठिपके, एक रेघ. फोन माझ्याकडं वळवून म्हणाले, "देखो. पौने तीन घंटे. एक दिन पहले दोपहर में निकलो, शाम को घर."

मी म्हणाले, "सर, यह एअरपोर्ट का टाइम है. मेरा घर एअरपोर्ट में नहीं है."

ते म्हणाले, "तो घर कहाँ है?"

मी त्यांच्या टेबलावरचा कोरा कागद घेतला आणि वाट काढून दाखवली. खोली, विमानतळ, विमानतळ, शहर, स्टेशन, नांदेड, हिंगोली, फाटा, तांडा. विमानाची रेघ मी सगळ्यात बारीक काढली. त्यांनी कागद बघितला, पेन उघडलं आणि सही केली. चारच्या जागी तीन दिवस. मी म्हणाले, चार पाहिजेत. ते म्हणाले, तीन. मी म्हणाले, सर, परत पण यायचंय. त्यांनी तीन खोडून चार केले आणि म्हणाले, "तुम बहस बहुत करती हो." मी म्हणाले, "जी."

आणि एवढं करून विमानच उशिरा निघालं. जे विमान आम्हाला न्यायचं होतं ते कुठूनतरी यायचंच राहिलं होतं. मी खुर्चीवर बसून पाटीकडं बघत राहिले. पाटीवर वेळ पुढं सरकली, मग आणखी पुढं सरकली. शेजारचा माणूस मला म्हणाला, काळजी करू नका, वर गेल्यावर पायलट भरून काढतो. मी मनात म्हणाले, तुला पुढं नांदेडची गाडी धरायची नसेल.

याडीचा फोन आला. "बसली का विमानात?"

"नाही. उशीर आहे."

"काहून? माणसं भरेनात का?"

मी रागानं म्हणाले, "माणसं भरलीत, याडी. विमानच आलं न्हाई."

मग ती म्हणाली, "आसं बी असतं का? ये तू. येशील."

हैदराबादला उतरले तेव्हा दिवे लागले होते. ज्या गाडीनं जायचं ती निघून गेली होती. मी रडले नाही. रडायला वेळ लागतो. बस धरली. नांदेडची जागा मिळाली ती शेवटच्या सीटवर, चाकाच्या वर. रस्ताभर डोकं खिडकीला आपटत होतं आणि मी फक्त एकच विचार करत होते. बा तिकडं शब्द घेऊन बसला असेल.

नांदेडहून हिंगोलीला आले तेव्हा अजून अंधार होता, पण पहाटेचा अंधार. स्टँडवर चिटपाखरू नव्हतं. होळीच्या दिवशी काळीपिवळी कोण काढणार? भाऊ तांड्यावर होळीचा गेरिया होता, म्हणजे होळी पेटवणाऱ्या दोघांपैकी एक. त्याला तिथून हलता येत नव्हतं. मी पिशवी खांद्याला लावली आणि सेनगावच्या रस्त्यानं चालायला लागले. किती चालले ते मला ठाऊक नाही. मागून दुधाची गाडी आली, रिकामे कॅन घेऊन दूध गोळा करायला निघालेली. मी रस्त्याच्या मधे उभी राहिले.

ड्रायव्हर ओरडला, "ओ बाई, मरता का?"

"फाट्यापर्यंत सोडा."

"मागं कॅन हायत. बसायला जागा न्हाई."

"उभी राहते."

"कुठून येऊन राहिल्या एवढ्या पहाटे?"

"गुवाहाटीहून."

त्यानं माझ्याकडं बघितलं, पिशवीकडं बघितलं. "ते कुठं आलं?"

"लांब आहे. चला तुमी."

मी कॅन धरून उभी राहिले. खड्डा आला की सगळे कॅन एकदम वाजायचे. तेवढ्यात वहिनीचा फोन. ती कुजबुजत होती, पण मागं आरडाओरडा ऐकू येत होता.

"कुठं हायस तू?"

"दुधाच्या गाडीत. येऊन राहिले. पेटली का?"

"पेटते कशी! याडी होळीत बसलीय."

"होळीत?"

"लाकडांवर चढून बसली. एरंडाला धरून. उठत न्हाई. हे बघ, ऐक."

तिनं फोन पुढं धरला असावा. नायकाचा आवाज आला, "उतर खाली! सूर्य निघून राहिला."

आणि याडीचा आवाज. ती ओरडत नव्हती, भाजीवालीशी भांडावं तशी बोलत होती. "कुठं सूर्य? ते कनेरगाव नाक्याच्या ढाब्यांचे लाईट हायत."

लोक हसले. कनेरगाव नाका तांड्यावरून दिसायला माणसाला घारीचे डोळे लागतील.

नायक म्हणाला, "एका माणसासाठी सगळा तांडा थांबवती?"

"नायकबा, तुमीच बोलले होते. एक माणूस मागं राहिला तर मुक्काम उठत न्हवता. तुमच्याच ओट्यावर बोलले, मी दारामागून ऐकलं. आता माझं एक माणूस मागं हाय. फाट्यावरली काळीपिवळी बी भरल्याशिवाय हालत न्हाई, आन् होळी हालणार व्हय? माझी एक जागा रिकामी हाय."

मग फोन कटला. ओढ्यापाशी आमच्याकडं कायम कटतो.

मी दुधाच्या गाडीत कॅन धरून मोठ्यानं हसले. ड्रायव्हरनं मागं वळून बघितलं. त्याला वाटलं असेल, गुवाहाटीहून आलेली बाई, डोकं फिरलेलं असणार.

फाट्यावर उतरले आणि पळत सुटले. दोन्ही बाजूंना हरभऱ्याची रिकामी रानं, बांधाला तुराट्यांचे ढीग, पळस फुललेला पण अजून रंग दिसायचा होता. पूर्वेला उजेड फुटत होता. तो ढाब्याचा नव्हता. मी पळत होते आणि मला आमच्या नायकाचा राग येत होता, साहेबांचा राग येत होता, त्या वाकड्या रेघेचा येत होता. एका पोरीच्या येण्याजाण्यावर एका माणसाची इज्जत टांगणाऱ्या सगळ्या ओट्यांचा राग येत होता. राग असला की पाय दुखत नाहीत.

तांड्याच्या तोंडाशी कुणीतरी पोरगं ओरडलं, "पुस्तक आलं! पुस्तक आलं!" डफ वाजायला लागला.

याडी लाकडांवरून उतरली. साडीला गोवरीचा भुसा, केस सुटलेले. मला जवळ घेतलं नाही, काही नाही. नायकाकडं वळून म्हणाली, "भरली गाडी. पेटवा."

भावानं पेटवली. ज्वाळ वर गेली आणि तिच्यामागं थोड्याच वेळात सूर्य आला. म्हातारे कुरकुरले, की सूर्य आधी आला. पोरं म्हणाली, आग आधी आली. त्यावर दिवसभर वाद चालला. आजही चालतो. मला विचाराल तर मी बघितलंच नाही. मी बाच्याकडं बघत होते. तो गर्दीच्या मागं उभा होता, हात मागं बांधून. मी जवळ गेले तेव्हा त्यानं माझ्या खांद्यावरची पिशवी घेतली आणि एवढंच म्हणाला, "जड हाय."

दुपारी नायकाच्या दारात बोलावणं आलं. मी गेले, आणि या वेळी बसले. कुणी बस म्हणलं नव्हतं.

नायक म्हणाला, "आली तू. पण तोंड बघ तुझं. तीन तासाच्या परवासानं असं तोंड व्हतं?"

मी म्हणाले, "पावणेतीन तास विमानाचे. बाकीची वाट सांगते, ऐका." आणि सगळी सांगितली. खोलीपासून दुधाच्या गाडीपर्यंत. काही लपवलं नाही. ओट्यावरची माणसं ऐकत राहिली. एका म्हाताऱ्यानं मधेच विचारलं, कॅनमधे दूध होतं का? मी म्हणाले, रिकामे होते. तो म्हणाला, बरं झालं, सांडलं असतं.

नायकानं शेवटी जे म्हणायचं ते म्हणलं. "म्हणजे लांब हाय. दर होळीला अशी मरत येणार का? बापाचा शब्द हाय."

मी उभी राहिले. "लांब आहे. आणि मी जाणार आहे. पुढच्या होळीला जमलं तर येईन, न्हाई जमलं तर न्हाई येणार. फोनवर लेंगी ऐकीन. पण नोकरी सोडणार न्हाई. माझी नोकरी बाच्या शब्दाला बांधू नका. मी शिकले ते होळीला हजेरी लावायला न्हाई."

मला वाटलं, आता बा मान खाली घालणार. आणि मला ते सहन झालं नसतं, खरंच सांगते. पण बा खालूनच म्हणाला, तंबाखू मळत, अगदी साधं, "मी शब्द एका होळीचा दिला होता, नायकबा. फिटला. पुढच्या होळीचा शब्द मी देत न्हाई."

नायकानं फेटा सारखा केला आणि म्हणाला, "पुढच्या होळीला तुझ्या बायकोला आधीच बांधून ठेव. लाकडांवर चढू देऊ नको." ओट्यावर हशा पिकला. तेवढ्यावर मिटलं. मनापासून मिटलं असं मी म्हणणार नाही. नायक मला आजही म्हणतो, तू एकटी गेली. मी आजही म्हणते, व्हय, गेले.

दुसऱ्या दिवशी परत निघाले. याडी फाट्यापर्यंत आली. काळीपिवळी उभी होती, मी बसले तरी एक जागा रिकामीच. ड्रायव्हर खाली बिडी ओढत होता. मी म्हणाले, काका, माझी गाडी आहे नांदेडहून. तो म्हणाला, एक सीट भरू द्या ताई, लगेच निघतो. एक येईल आता. कुणी येत नव्हतं. होळीनंतरच्या दिवशी कोण येणार?

आत बसलेल्या शेजारच्या गावच्या बाईनं याडीला विचारलं, "कुठं चालली लेक?"

याडी म्हणाली, "नोकरीला. विमानानं. पावणेतीन तास."

मी हळूच म्हणाले, "याडी, तुला सगळी वाट माहीत हाय. काल ओट्यावर सांगितली मी. अजून काहून पावणेतीन तास?"

तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. "मला माहीत हाय. ओट्यावाल्यांना बी आता माहीत हाय. हिला काहून सांगू? लांब म्हणलं की लोक लगेच म्हणतात, मग काहून धाडली. जवळ म्हणलं की गप बसतात. मला गप बसलेली माणसं आवडतात."

मग तिनं ड्रायव्हरकडं बघितलं, रिकाम्या जागेकडं बघितलं, साडी वर खोचली आणि जीपमधे चढून बसली. चपला नव्हत्या पायात, घरी सांगितलेलं नव्हतं, चुलीवर वरण ठेवून आली होती.

"याडी, तू कुठं?"

"हिंगोलीला," ती म्हणाली. "भरली ना गाडी? चल रे, काढ."